पुरापूर्वीचा पशुवैद्य
(आपत्तीच्या काळी जनावरांच्या रक्षणासाठी करावयाची पूर्वतयारी)

पूर, भूकंप, दरड किंवा साथ यांपैकी कोणतीही आपत्ती गावावर आली की मदतीचा आरंभ माणसांपासून होतो, आणि तो तसाच व्हावयास हवा. परंतु ज्या कुटुंबाचा संसार दोन म्हशींच्या दुधावर अथवा एका बैलजोडीवर चालतो, ते कुटुंब सुखरूप बाहेर काढले आणि त्याची दावण मात्र रिकामी झाली, तर त्या कुटुंबाचा बचाव अर्धाच झाला असे म्हणावे लागते. दूध बंद होते, पेरणी अडते, आणि नवे जनावर घेण्यासाठी काढलेले कर्ज पुढे कित्येक वर्षे फेडावे लागते.

अशा प्रसंगी पशुवैद्याला बोलावणे जाते ते बहुधा पूर ओसरल्यावर. तेव्हा त्याच्या हाती उरते ते जखमा बांधणे, तापाची जनावरे तपासणे आणि मृत जनावरांचे पंचनामे करणे एवढेच. वास्तविक पशुवैद्याने करावयाचे मोठे काम त्याच्या दीड-दोन महिने अगोदर, वैशाख-ज्येष्ठात पार पडलेले असावे लागते. ते काम कोणते, त्यात ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा वाटा कोणता आणि शेतकऱ्याने स्वतः काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे. उदाहरणे मुख्यतः पुणे शहर व परिसरातील घेतली आहेत. ज्या शहरात राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचे मुख्य कार्यालय आहे, त्याच शहराने पुराचे कडू अनुभवही घेतलेले आहेत.

पुण्याचा अनुभव

दिनांक १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच त्यात पावसाचे पाणी साठले होते. आदल्या रात्री सैन्यातील जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे धरण रात्री न फुटता उजाडल्यावर फुटले आणि असंख्य प्राण वाचले. पानशेतचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात शिरले व त्याच दिवशी खडकवासल्याचा जुना दगडी बांधही फुटला. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा आदी पेठांत आणि डेक्कन जिमखान्याच्या भागात शिरले. त्या काळी पुण्यात टांगे चालत असत आणि वस्तीतच दुभत्या जनावरांचे गोठे असत. माणसाला निदान माडीवर अथवा टेकडीवर जाता येते. दाव्याला बांधलेल्या जनावराला तेही करता येत नाही.

पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री निराळ्या प्रकारचा पूर आला. कात्रज व शहराच्या दक्षिण भागात थोड्या वेळात अतिशय जोराचा पाऊस झाला आणि आंबिल ओढा काठ सोडून वाहू लागला. त्यात माणसे दगावली, भिंती कोसळल्या, आणि गोठ्यांतील जनावरेही मेली. त्यानंतर २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या परिसरात पाणी शिरले.

या तीन घटनांवरून एक गोष्ट ध्यानात येते. पूर दोन जातींचा असतो. धरणातून सोडलेल्या पाण्याचा पूर बहुधा काही तासांची सूचना देऊन येतो. पुण्याच्या वर मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर अशी चार धरणे आहेत, आणि खडकवासल्यातून किती पाणी सोडले जाणार हे पाटबंधारे खात्याकडून जाहीर केले जाते. ती सूचना गोठ्यापर्यंत पोहोचली तर जनावरे हलविण्यास अवधी मिळतो. ओढ्याचा पूर मात्र मिनिटांत येतो, आणि पुष्कळदा रात्री येतो. त्या वेळी डॉक्टर, नाव अथवा गाडी यांपैकी काहीही पोहोचू शकत नाही. तेथे जनावर वाचते ते गोठ्याच्या जागेमुळे आणि दाव्याच्या गाठीमुळे. म्हणून नदीकाठच्या गावाची तयारी वेगळी व ओढ्याकाठच्या वस्तीची तयारी वेगळी असावी लागते. दोन्हींची आखणी करताना पशुवैद्याचा सल्ला अगोदरच घ्यावा.

जनावराची सोय हीच माणसाची सोय

जनावरांच्या बचावाचा विचार दुय्यम मानला जातो, तो अनुभवाशी जुळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांना आलेल्या महापुरात सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनी जनावरे मागे टाकून घर सोडण्यास नकार दिला. त्यात हट्ट नव्हता. नावेत माणसांना जागा होती, म्हशीला नव्हती. जनावरे कोठे न्यावयाची व तेथे त्यांना वैरण कोण देणार, हे कोणी सांगितलेले नव्हते. शिवाय अनेकांनी २००५ च्या पुराची खूण मनात धरून जनावरे तेवढ्या उंचीवर बांधली होती. २०१९ चे पाणी ती खूण ओलांडून वर गेले.

इतर देशांतही हाच अनुभव आला आहे. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा पाळीव प्राण्यांना सोबत नेण्याची सोय नसल्यामुळे अनेक लोक धोक्याच्या घरांतच राहिले. त्यानंतर २००६ साली त्या देशाने कायदा करून स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचाही विचार करणे आवश्यक ठरविले. जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही २०१६ साली आपत्तीतील पशुआरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा असून त्यान्वये प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती योजना तयार केली जाते. गावाच्या योजनेत जनावरांचे पान कोरे असेल, तर माणसांचे पानही अपुरे राहते, हे ग्रामपंचायतीने ओळखावे.

पहिली तयारी : लस

पूर आला की साठलेले पाणी, चिखल, उपासमार आणि दाटीवाटी यांमुळे जनावरांची शक्ती खालावते व घटसर्प, फऱ्या यांसारखे रोग डोके वर काढतात. घटसर्पात जनावरास एकाएकी जोराचा ताप येतो, गळ्याला सूज येते, घशातून घरघर ऐकू येते, आणि पुष्कळदा एका दिवसात ते दगावते. म्हशींना हा रोग अधिक जाचतो. फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, अंगाने भरलेल्या जनावरांना होतो. मांडीवर अथवा फऱ्यावर आलेली सूज दाबली असता चरचर आवाज येतो. शेळ्या-मेंढ्यांत पावसाळी कोवळ्या चाऱ्यानंतर आंत्रविषार उद्भवतो.

या रोगांवर लस आहे. परंतु लस टोचल्यावर लगेच त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. अंगात प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. पुराची सूचना मात्र काही तासच आधी मिळते. हा एकच हिशेब नीट समजला, तर मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी लसीकरण का करावयाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘आत्ता जनावर धडधाकट आहे, मग टोचून घ्यावयाचे कशाला’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला कार्यकर्त्याने हाच हिशेब सांगावा.

लस थंड ठेवावी लागते. साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ती टिकते. पुरात सर्वप्रथम वीज जाते. म्हणून दवाखान्यातील शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या आणि लस कोणत्या उंच जागी हलवावयाची याची व्यवस्था पशुवैद्याने पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी. दवाखानाच नदीकाठी असेल तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

लसनिर्मितीच्या बाबतीत पुण्याची परंपरा जुनी आहे. बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यातच एक शासकीय जीवाणू प्रयोगशाळा स्थापन झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. ज्या बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे ओस पाडली, ती २०११ साली जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. सध्या औंध येथे असलेली पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था राज्यासाठी जनावरांच्या लसी तयार करते.

दुसरी तयारी : नोंद आणि नकाशा

आपत्तीच्या दिवशी पशुवैद्याला पहिला प्रश्न पडतो तो असा की, कोणत्या वस्तीत किती जनावरे आहेत? ही माहिती त्या दिवशी गोळा करता येत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्यात घरोघर जाऊन एक वही तयार करावी. तीत कुटुंबप्रमुखाचे नाव, गाई, म्हशी, बैल, वासरे, शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या यांची संख्या, गाभण व नुकत्याच व्यालेल्या जनावरांची वेगळी नोंद, आणि प्रत्येक मोठ्या जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहावा. शक्य असेल तेथे जनावराचे छायाचित्र मालकाच्या मोबाईलवर काढून ठेवावे. वाहून गेलेल्या जनावराची ओळख पुढे याच नोंदीवरून पटते. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि एक उंचावरील एखाद्या घरी ठेवावी.

नंतर गावाचा साधा नकाशा काढावा. पूररेषा, नदी-ओढे, पाण्याखाली जाणारे पूल आणि जनावरे नेण्याची उंच जागा त्यात दाखवावी. जागा ठरविताना आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्याही वरची निवडावी. जुनी खूण ही मर्यादा नव्हे, हे २०१९ च्या महापुराने शिकविले आहे.

जागेचा, पाण्याचा व वैरणीचा हिशेब अगोदर मांडावा. उदाहरणार्थ, १०० मोठी जनावरे तीन दिवस ठेवावयाची असतील तर :

१. दर जनावरास सुमारे ४ चौरस मीटर धरल्यास ४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४ गुंठे जागा केवळ उभे राहण्यास लागते. ये-जा, वैरण व आजारी जनावरे वेगळी ठेवणे यांसाठी तितकीच आणखी धरावी.

२. दर जनावरास दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी धरल्यास रोज ५,००० लिटर, म्हणजे टँकरची एक खेप पाणी लागते. पुराच्या पाण्यावर जनावरे ठेवू नयेत.

३. केवळ तग धरण्यापुरता दर जनावरास दिवसाला ६ किलो कडबा धरल्यास रोज ६०० किलो, तीन दिवसांस १,८०० किलो कडबा लागतो. तो पावसाळ्यापूर्वीच उंच जागी, माच्यावर व ताडपत्रीखाली रचून ठेवावा.

असा हिशेब कागदावर असला म्हणजे तालुक्याकडे मदत मागताना ‘वैरण पाठवा’ एवढेच न लिहिता ‘अमुक जागी रोज ६०० किलो कडबा पाठवा’ असे नेमके लिहिता येते, आणि नेमक्या मागणीस उत्तरही लवकर मिळते.

पशुवैद्याचे शिक्षण

पदवी घेताना पशुवैद्य रोगनिदान, शस्त्रक्रिया व औषधोपचार शिकतो. आपत्तीत याखेरीज आणखी काही गोष्टी लागतात, आणि त्या सरावानेच येतात.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम लावणे. शंभर जनावरे समोर असताना सर्वाधिक ओरडणाऱ्या जनावराकडे अथवा सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या मालकाकडे प्रथम जावेसे वाटते. तसे न करता तीन वर्ग करावे लागतात. जे चालू शकते त्याला लगेच उंचावर पाठवावे. जे उपचाराने निश्चित वाचेल त्याला हाती घ्यावे. जे वाचणे शक्य नाही त्याच्या वेदना कमी कराव्यात. असाध्य वेदनेतील जनावराला कायद्याच्या चौकटीत शांत मरण देण्याचा निर्णय पशुवैद्यालाच घ्यावा लागतो. त्या वेळी मालकाशी सबुरीने बोलणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

दुसरी गोष्ट म्हणजे इतर खात्यांच्या बरोबरीने काम करणे. पूरस्थळी महसूल, पोलीस, आरोग्य व पाटबंधारे ही सर्व खाती काम करीत असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी वाहिनी पुणे जिल्ह्यातच सुदुंबरे येथे आहे, आणि पुण्यातील यशदा या संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले जाते. पशुवैद्याने अशा प्रशिक्षणात व रंगीत तालमीत भाग घ्यावा. नावेत बसताना तरंगजाकीट घालणे, प्रवाहात एकट्याने न उतरणे आणि विजेची तार पडलेल्या पाण्यात पाय न ठेवणे हे नियम त्यालाही लागू आहेत. बुडालेला पशुवैद्य एकाही जनावराच्या उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पिशवी तयार ठेवणे. तीत दोर, म्होरक्या, कापण्यासाठी धारदार विळा, बॅटरी, जखमेची औषधे, प्रतिजैविके, सलाईन, वेदनाशामके, हातमोजे, गमबूट, बिल्ले, पंचनाम्याचे कोरे नमुने व प्लास्टिकची पिशवी असावी. दर महिन्याला औषधांच्या मुदतीची तारीख पाहावी.

चौथी गोष्ट म्हणजे मनुष्यबळ जमविणे. याचे चांगले उदाहरण म्हणजे २०२२ ची लम्पी चर्मरोगाची साथ. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात हा रोग आढळला व पुढे राज्यभर पसरला. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशीय जनावरे होती. इतक्या जनावरांना थोड्या अवधीत लस टोचणे खात्याच्या नेहमीच्या मनुष्यबळास शक्य नव्हते. तेव्हा खासगी पशुवैद्य व पशुवैद्यक महाविद्यालयांतील आंतरवासिता करणारे विद्यार्थी यांची मदत घेण्यात आली, गुरांचे बाजार बंद ठेवण्यात आले आणि शेळ्यांच्या देवीची लस गोवंशास देऊन साथ आवरण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लम्पीच्या खास लसीचे तंत्रज्ञान औंधच्या संस्थेस देण्याचा करार झाला. संकटात कोणाला बोलवावयाचे याची यादी तयार असली, तर खाते आपल्या संख्येपेक्षा पुष्कळ मोठे काम करू शकते, हा यातील बोध होय.

शेतकऱ्याने करावयाची तयारी

गोठा ओढ्याच्या अगदी काठी बांधू नये. पूर्वीच बांधलेला असेल तर पावसाळ्यात निदान रात्री जनावरे उंचावर बांधावीत. गोठ्यात लोखंडी साखळी वापरत असल्यास पावसाळ्यापुरते तिच्याऐवजी दावे वापरावे, आणि गाठ अशी मारावी की मोकळे टोक ओढताच ती सुटेल. दाराशी एक विळा कायम टांगलेला असावा. ही गाठ घरातील स्त्रिया व मोठी मुले यांनाही मारता व सोडता आली पाहिजे, कारण पाणी येते तेव्हा कर्ता पुरुष घरी असेलच असे नाही.

पाणी वाढण्याची सूचना मिळताच :

१. गाभण व व्यालेली जनावरे, वासरे व रेडके, शेळ्या-मेंढ्या प्रथम हलवाव्यात.

२. वासरू आईच्या पुढे न्यावे, म्हणजे आई आपोआप मागे येते. कळपातील सवयीची, शांत गाय सर्वांत पुढे ठेवावी.

३. घाई होऊन हलविणे अशक्य झाले तर निदान दावी कापून जनावरे मोकळी सोडावीत व गोठ्याचे दार उघडे ठेवावे. गाय-म्हैस पोहू शकते. बांधलेली मात्र बुडते.

४. जनावरांसाठी पाण्यात परत उतरू नये. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ व पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ हे दोन क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावेत.

पूर ओसरल्यावर

पाण्यातून निघालेले जनावर प्रथम कोरडे करावे व वाऱ्यापासून आडोशाला बांधावे. थकलेल्या जनावरास नळीने अथवा बाटलीने औषध किंवा पाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाऊन जनावर दगावते. दोन-तीन दिवस उपाशी असलेल्या जनावरापुढे एकदम पेंड, धान्य अथवा शिळे अन्न ठेवू नये. त्याने अपचन होऊन जनावर पडते. आरंभी थोडा थोडा कोरडा चारा द्यावा व दोन-तीन दिवसांत तो वाढवीत न्यावा. भिजून बुरशी आलेला कडबा उन्हात वाळवला तरी विषारीच राहतो. तो खतात घालावा. ऊसपट्ट्यात मदत म्हणून पुष्कळदा केवळ वाढे येतात. त्यांतील ऑक्झॅलेटमुळे अंगातील चुना कमी होतो. म्हणून वाढ्यांबरोबर कडबा मिसळावा व पशुवैद्याच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे.

दुभत्या जनावरांचे दूध छावणीतही वेळच्या वेळी काढावे. दूध तुंबून राहिले की कासेला दगडी होते, आणि पूर वाचलेली म्हैस दुधाला मुकते. चिखलात उभ्या राहिलेल्या जनावरांचे खूर स्वच्छ धुऊन फिकट गुलाबी होईल इतक्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने पुसावेत. जखमेवर माश्या बसू देऊ नयेत.

मृत जनावरे ओढ्यात अथवा उघड्यावर टाकू नयेत. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरानंतर मृत जनावरांची विल्हेवाट हे मोठेच काम होऊन बसले, आणि उंदीर व जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून माणसांत लेप्टोस्पायरोसिस पसरला. गावाने विहीर, नदी व वस्ती यांपासून दूर अशी जागा पावसाळ्यापूर्वीच ठरवावी. तेथे सुमारे ६ फूट खोल खड्डा घेऊन प्रेतावर चुना टाकून ते पुरावे. एखादे जनावर एकाएकी मेले व त्याच्या नाकातोंडातून न गोठणारे रक्त येत असेल, तर ती काळपुळी असू शकते. अशा प्रेताची चिरफाड करू नये, कातडे काढू नये, आणि पशुवैद्यास तात्काळ कळवावे. त्या रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते व ते माणसासही घातक आहे.

प्रेत पुरण्यापूर्वी पंचनामा करून घ्यावा. बिल्ल्यासह छायाचित्र, ग्राम महसूल अधिकाऱ्याची नोंद व पशुवैद्याचा दाखला असल्यास भरपाईचे काम सुलभ होते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत दुभती गाय अथवा म्हैस यांस ३७,५०० रुपये, बैलास ३२,००० रुपये, वासरास २०,००० रुपये आणि शेळी-मेंढीस ४,००० रुपये असे दर आहेत. दरांत वेळोवेळी बदल होतो, म्हणून अर्ज करताना तहसील कार्यालयात चालू दर पाहून घ्यावेत. चांगली दुभती म्हैस या रकमेत मिळत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. भरपाई हा पूर्वतयारीला पर्याय होऊ शकत नाही.

भूकंप व दरड

भूकंप सूचना देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसांबरोबर जनावरेही गाडली गेली. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली, तेव्हाही तेच घडले. अशा भागात गोठ्याचे छप्पर हलके ठेवणे, भिंतीऐवजी मेढींवर उभा केलेला मोकळा गोठा पत्करणे, आणि डोंगराला तडे गेल्यास अथवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाल्यास माणसे व जनावरे दोन्ही हलविणे, हीच खरी तयारी होय.

सारांश

पुराच्या दिवशी पशुवैद्य एका वेळी एकाच गोठ्यात असू शकतो. परंतु मे महिन्यात टोचलेली लस, वहीत लिहिलेला क्रमांक, उंचावर रचलेला कडबा आणि ओढताच सुटणारी गाठ या गोष्टी प्रत्येक गोठ्यात त्या रात्री हजर असतात. पशुवैद्याने ही तयारी शिकवावी, कार्यकर्त्याने ती घरोघर पोहोचवावी आणि शेतकऱ्याने ती अंगवळणी पाडावी. पावसाचा पहिला ढग दिसण्यापूर्वी हे काम उरकलेले असावे.

ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात पूर धरणाचा येतो की ओढ्याचा? सूचना किती अगोदर मिळते, आणि ती गोठ्यापर्यंत कोण पोहोचवितो?

२. या वर्षी घटसर्प व फऱ्याची लस किती जनावरांना टोचली? राहिलेली जनावरे कोणाची व का राहिली?

३. गावातील सर्व मोठी जनावरे तीन दिवस ठेवण्यास किती गुंठे जागा, किती पाणी व किती कडबा लागेल? तो सध्या कोठे आहे?

४. मृत जनावरे पुरण्याची जागा ठरली आहे काय? ती पाण्याच्या विहिरीपासून पुरेशी दूर आहे काय?

५. घरातील किती जणांना दाव्याची गाठ एका ओढीत सोडता येते? हे सभेतच प्रत्यक्ष करून पाहावे.